केशवरावांच्या घरची खुर्ची

रविवारी सकाळी मीनाक्षीबाईंनी गॅलरीतली प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि त्यांच्या नवऱ्याच्या, केशवरावांच्या, तळपायाची आग मस्तकात गेली. मनस्विनीच्या वर्गाला हॉलमधल्या खुर्च्या पुरत नाहीत म्हणे! आणि त्यासाठी खुर्ची जायची कुणाची, तर बँकेत पस्तीस वर्षं घासलेल्या माणसाच्या घरची!

सिडकोतल्या त्या सोसायटीच्या हॉलमध्ये पैशाच्या नियोजनाचे वर्ग सुरू केले ते केशवरावांनीच. दर शनिवारी दोन तास, पडद्यावर नव्वद पानं, शंका शेवटी. तीन वर्षांत माणसं चाळिसांवरून सातांवर आली. त्यातला एक वॉचमन बन्सी, त्याची तर ड्यूटीच हॉलच्या दारात. आणि ही कॉलेजात मानसशास्त्र शिकवणारी पोरगी चार महिन्यांपूर्वी येते काय, दर रविवारी हॉल भरवते काय! पुढच्या महिन्यापासून हॉल एकाच वर्गाला मिळणार होता. कुणाला, ते सेक्रेटरी काकासाहेब आज ठरवणार होते. हॉल गेला की केशवरावांना ‘सर’ म्हणणारं कुणी उरणार नव्हतं.

आज खोट काढायचीच, असं ठरवून ते मागच्या रांगेत बायकोशेजारी जाऊन बसले.

मनस्विनीनं पडदा लावलाच नाही. “वह्या मिटा,” ती म्हणाली, “आणि मागच्या महिन्यातलं आठवून सांगा. चुकलं तरी चालेल.” चार घरी पोळ्या लाटणाऱ्या आवडाबाई उठल्या. “आधी सा महिन्यांचा खर्च बाजूला ठिवायचा, मग भिशी, अन् सोनं सगळ्यात शेवटी!” धडाधड बोलून खाली बसल्या.  हेच केशवरावांनी गेल्या वर्षी चाळिसाव्या पानावर दाखवलं नव्हतं का?

त्यांनी दारातल्या बन्सीला खुणेनं जवळ बोलावलं. “सांग रे, नॉमिनी म्हणजे काय? दोन वर्षं ऐकतोयस माझ्याकडं.”

“साहेब, तुमी सांगता लई भारी,” बन्सी ओशाळला, “पण ध्यानात नाय ऱ्हात.”

तेवढ्यात मनस्विनीनंही तेच काढलं. “आपल्या खात्याला नॉमिनी कोण? आधी अंदाज सांगा, मग फोन उघडून बघा. घरी गेल्यावर नको, आत्ता.”

“माझी बायको, मीनाक्षी! हे काय विचारणं झालं?” सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात केशवराव म्हणाले आणि फणकाऱ्यानं पेन्शनचं खातं उघडलं.

नाव त्यांच्या आईचं होतं. नोकरीला लागले तेव्हा, लग्नाआधी, पगारासाठी उघडलेल्या याच खात्यावर भरलेलं. आईला जाऊन अकरा वर्षं झाली होती.

मीनाक्षीबाईंनी वाकून वाचलं. “अहो,” त्या हळूच म्हणाल्या, “नॉमिनी म्हणजे काय, ते लग्न झाल्यापासून सांगताय मला. कोण, ते आज कळलं.”

“कुणाकुणाचा अंदाज चुकला? हात वर करा,” मनस्विनी म्हणाली. “चुकलेलंच पक्कं लक्षात राहतं.”

केशवरावांनी हात वर केला. दारात येऊन उभ्या राहिलेल्या काकासाहेबांना वाटलं, त्यांना हॉलबद्दल बोलायचंय. “बोला सर, हॉलबद्दल तुमचं काय म्हणणं आहे?”

“हिलाच द्या,” केशवराव कसेबसे म्हणाले. “आणि आमच्या घरची ही खुर्ची इथंच राहू द्या. पुढच्या रविवारी मला लागेल.”

पस्तीस वर्षांत त्यांना जे सुचलं नव्हतं, ते पोरीनं एका मिनिटात शिकवलं होतं. आता ते मरेपर्यंत विसरता येणार नाही, म्हणून त्यांचा जळफळाट आणखीच वाढला.