शिळा दगड

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. जुना म्हणजे किती, तर माणूस नावाचा प्राणी जन्माला यायचा होता तेव्हाही मी जुनाच होतो. सध्या लखनौच्या एका संशोधन संस्थेच्या आवारात, झेंडूच्या वाफ्याच्या कडेला, सिमेंटमध्ये गळ्यापर्यंत रुतून पडलो आहे. अंगाला गेरू फासलेला आहे. दोन्ही बाजूंना साठ-सत्तर शेजारी आहेत, एक गेरूचा, एक चुन्याचा. ते साधे बांधकामाचे दगड. मी तसा नव्हतो, आणि हे सांगायला आता मीच उरलो आहे.

माझा जन्म राजस्थानच्या वाळवंटाखाली झाला. सोडा आणि पोटॅश भरपूर असलेला, म्हणजे अल्कधर्मी, शिलारस तिथे सावकाश निवला आणि त्यातून मी व माझी भावंडे घडलो. सगळी काळी, चकचकीत, देखणी. पुढे भेगांमधून कढत पाणी आले. भावंडे भेगेपासून लांब होती, ती वाचली. मी भेगेच्या तोंडाशीच. पाण्याने माझे काळे स्फटिक खाल्ले, चकाकी नेली आणि अंगभर तांबूस डाग ठेवला. पण तेच पाणी जाताना माझ्यात नायोबियम, झिर्कोनियम अशा दुर्मिळ मूलद्रव्यांचे बारीक, मधाच्या रंगाचे कण सोडून गेले. वरून पाहणाऱ्याला त्यातले काही दिसायचे नाही.

२००४ साली विनीताताई काणे हातोडा घेऊन आमच्या टेकडीवर आल्या. मूळच्या साताऱ्याच्या, नोकरीने लखनौच्या, पेशाने भूवैज्ञानिक. या लोकांची एक रीत आहे. खडक फोडत जायचे आणि आतला न बदललेला, 'ताजा' दगडच तेवढा घ्यायचा. ताज्याला नंबर मिळतो, नोंदवहीत जागा मिळते. पाण्याने बिघडवलेला दगड तिथेच फेकायचा. विनीताताईंनी वीस ताजे दगड निवडले. मला फेकायला हात उचलला आणि, का कोण जाणे, पिशवीत टाकले.

चारबाग स्टेशनवर हमालाने पेटी उचलली आणि तो कळवळला. "बहन जी, ईंटें भरी हैं क्या?"

"पत्थर हैं, भैया."

"तो लखनऊ में पत्थर नहीं मिलते?"

विनीताताई निशातगंजपर्यंत रिक्षात एकट्याच हसत होत्या. तेव्हा त्यांना हसू फार लवकर यायचे.

प्रयोगशाळेत भावंडांना नंबर मिळाले. माझ्या खोक्यावर मात्र त्यांनी जाड शाईने एकच शब्द लिहिला, 'शिळा'. शेजारच्या टेबलावर नागपूरचे विश्वास बर्वे बसत. "हे काय नवीन?" त्यांनी विचारले.

"एवढ्या ताज्यांत हा एकच शिळा. याला नंबर कुठून देऊ?"

दोघे पोट धरून हसले. साऱ्या संस्थेत ती थट्टा फक्त त्या दोघांना कळत होती. मलाही त्यात काही वावगे वाटले नाही.

मग आठ वर्षे मी फडताळात धूळ खात पडलो. २०१२ साली दुर्मिळ मूलद्रव्यांची जिकडेतिकडे ओरड सुरू झाली, तेव्हा विनीताताईंना माझी आठवण आली. माझा एक काप काढून, त्याची पूड करून तपासली. भावंडांच्या दहापट आकडे आले. विनीताताईंनी मला दोन्ही हातांत धरले. "अरे, सगळं तुझ्यातच होतं की." मित्रांनो, माझ्या आयुष्यातले कौतुक म्हणाल तर एवढेच.

त्यांनी लेख लिहिला. संपत्ती शिलारसाने आणली असेल, पण ती साठवली नंतरच्या कढत पाण्याने, तेव्हा फेकता ते दगड आधी पाहा, असे त्यात होते. नियतकालिकाकडून उत्तर आले की एका तुकड्यावर भिस्त ठेवता येत नाही, तोच दगड दुसऱ्या प्रयोगशाळेतून तपासून आणा. टेकडीवर परत जावे, तर एव्हाना तिची खडी होऊन रस्त्यावर पसरली होती. त्यांच्या इतक्या वर्षांच्या कामाला साक्षीदार म्हणून मी एकटाच राहिलो.

त्याच महिन्यात त्यांची आई आजारी पडली आणि त्या साताऱ्याला गेल्या. इकडे कुणी बडे पाहुणे येणार म्हणून कोठी रिकामी करण्याचा हुकूम निघाला. शिपाई राजाराम नेकीचा माणूस. नंबर असलेले प्रत्येक खोके त्याने पुसून नीट रचले. माझे खोके हाती आले तेव्हा तो थबकला. ळ हे अक्षर त्याच्या वाचनातले नव्हते. त्याने ल वाचला. "शिला, माने पत्थर. इस पर तो बस पत्थर लिखा है," असे म्हणून त्याने मला माळ्याच्या ढकलगाडीत ठेवले.

पंधरा दिवसांनी विनीताताई परतल्या, तोवर माळ्याने मला वाफ्याच्या कडेला बसवले होते. "मैडम, आप ही ने तो लिखा था, शिला," राजाराम म्हणाला.

"शिला नहीं, राजाराम. शिळा. बासी."

"बासी तो रोटी होती है, मैडम. पत्थर कैसे बासी होगा?"

 विनीताताई तिथेच पायरीवर बसल्या.

माझी कापलेली बाजू हीच काय ती खूण, आणि ती सिमेंटात गेली होती. पाहुण्यांचा दिवस तोंडावर आल्यामुळे वाफा फोडायला परवानगी मिळाली नाही. पुढेही मिळाली नाही. मग त्या पेन्सिलीला टोक करायच्या चाकूने एकेक दगड खरवडत निघाल्या. माझ्यापाशी आल्या. गेरूखालून तांबूस रंग निघाला. तो माझा डाग होता.

"गेरू आतपर्यंत मुरलाय," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि पुढच्या दगडाकडे सरकल्या.

त्या क्षणी मला तोंड नसल्याचे जेवढे दुःख झाले तेवढे कधीच झाले नाही.

लेख छापला गेला नाही. बर्वे कधी चेष्टा करायला गेले, तर विनीताताई मान खाली घालून काम करत राहत. २०१८ साली त्या निवृत्त झाल्या. निरोपाचा फोटो याच वाफ्यापाशी काढला, कारण झेंडू चांगला फुलला होता. त्यांची चप्पल माझ्या डोक्यावर टेकली होती.

मित्रांनो, तुम्ही काही जपून ठेवाल, तर त्याचे नाव खोक्यावर नको, त्याच्याच अंगावर लिहा. शेजाऱ्याला वाचता येईल अशा अक्षरांत लिहा. थट्टा तोंडाने हवी तेवढी करा, नोंद मात्र खरी ठेवा.

राजाराम अजूनही दर दिवाळीआधी मला गेरू लावतो, मनापासून, कुठे फट न ठेवता. थर आता इतका जाड झाला आहे की कुणी खरवडलेच, तर खरोखर गेरूच निघेल.