सतरा नंबरची रुसूबाई

माझं डोकं लवकर तापतं, कबूल. घरी मला फटाकडी म्हणतात ते काही उगाच नाही. पण त्या सकाळी कुणाचंही तापलं असतं. अकरा वाजता नर्सच्या भरतीची परीक्षा. आमच्या संस्थेच्या हॉलमध्ये चाळीस कॉम्प्युटर मांडलेले, आणि दहा वाजता त्यातले एकोणतीस म्हणतात, नेट नाही! नेटवर्कची जबाबदारी माझी. आणि दुसऱ्या रांगेत तिसऱ्या खुर्चीवर कोण? माझी वहिनी.

दोन मुलं मोठी करण्यात वहिनीची नोकरी राहून गेली होती. पुढच्या महिन्यात ती वयाची अट ओलांडणार होती, म्हणजे आज पेपर झाला नाही तर तिच्यासाठी कायमचाच गेला. दहा महिने बाई पहाटे उठून अभ्यास करत होती. आजही सकाळी साडेसातला माझ्याबरोबरच आली आणि "मी कुठेतरी शांत कोपरा बघते गं" म्हणून वह्या घेऊन गडप झाली. साडेनऊला हॉलमध्ये उगवली ती थेट खुर्चीवर.

पर्यवेक्षक बाईंनी मनगटावरचं घड्याळ माझ्यापुढे धरलं. "पावणेअकरापर्यंत सुरू झालं नाही, तर केंद्र रद्द झाल्याचं मला कळवावं लागेल."

रोग दोन मिनिटांत कळला. कुणीतरी स्वतःचा वायफायचा डबा आणून इमारतीत जोडला होता, आणि तो आगाऊ डबा आमच्या कॉम्प्युटरना नेटवर्कचे भलतेच पत्ते वाटत सुटला होता, ज्यांवर नेट पोचतच नव्हतं.

"कोण गाढव आहे ते सापडू दे एकदा," मी हॉलमध्येच कडाडले, "तोच डबा गळ्यात बांधून वरात काढते त्याची!"

वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला होता. "होईल ना गं?"

"झालंच समज," मी म्हटलं.

प्रत्येक यंत्राला जन्मजात एक नंबर असतो. त्या डब्याचा नंबर घेऊन मी मुख्य स्विचला, म्हणजे इमारतीतल्या सगळ्या तारा जिथे येतात त्या पेटीला विचारलं, हा तुझ्या कुठल्या पोर्टवर, कुठल्या भोकात आहे? उत्तर आलं, सतरा. आता सतराची तार उपटली की संपलं, नाही का? नाही! त्याच सतरावर परीक्षेचे दोन्ही कॅमेरेही दिसत होते. म्हणजे ही तार पुढे कुठेतरी एका छोट्या स्विचमध्ये शिरत होती आणि तिथून तिघांना फाटे फुटले होते. कॅमेरे बंद तर परीक्षा बंद. तो छोटा स्विच शोधून नेमका डबाच काढायला हवा होता. तार बघावी तर छतात घुसलेली. आणि तिच्यावर लेबल काय? "रुसूबाई".

ही करामत तारवाल्या काकांची. माझ्याआधी बावीस वर्षं त्यांनी हे काम केलं. खोल्यांचे नंबर कोण लक्षात ठेवतो, असं म्हणून त्यांनी प्रत्येक तारेवर तिथे बसणाऱ्या माणसाचं टोपणनाव लिहिलं. शिंकोबा. डुलकी. धाकटे साहेब. ती माणसं केव्हाच निवृत्त झाली, चिठ्ठ्या मात्र राहिल्या. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या दाखवून हसायचे, आणि बदलायचं काम उद्यावर ढकलायचे. आता भोगा.

दहा वाजून सव्वीस मिनिटांनी काकांना फोन लावला. "काका, रुसूबाई कुठे बसायच्या?"

पलीकडे काका खो खो हसले. "अगं, ती इथेच बसलीय. वाटाणे सोलतेय. थांब, देतो."

फोनवर एक ठसकेबाज आवाज आला. "रुसूबाई मीच. लग्नाआधी मी तुमच्या तिथेच होते. हेडक्लार्कशी भांडले आणि टेबल उचलून जुन्या रेकॉर्डच्या खोलीत गेले, लोखंडी कपाटामागे. तिथली तार महिन्यातून चारदा बिघडायची म्हणे. हे दुरुस्त करायला यायचे, नि बिघाड काही सापडायचा नाही!"

"काकू, तुमचे पाय धरते नंतर," म्हणून मी पळत सुटले.

रेकॉर्डच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. कपाटामागे अंग आक्रसून घुसले. धुळीने माखलेला छोटा स्विच, त्यात कॅमेऱ्यांच्या दोन तारा, आणि तिसऱ्या तारेला लटकलेला पांढरा डबा. त्याच्यावर चिकटपट्टी. चिकटपट्टीवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं, "घरचा. हात लावू नये."

गेल्या आठवड्यात मीच तो वहिनीच्या हातात कोंबला होता. "मोबाइलवर धडे बघताना नेट गेलं, तर दिसेल त्या तारेला हा जोड, घाबरू नकोस." डब्याच्या कुठल्या भोकात तार घालायची ते सांगायला मला वेळ नव्हता. बिचारीने चुकीच्या भोकात घातली. तिचा मोबाइल मजेत चालला आणि हॉल झोपला.

डबा उपटला, ओढणीत गुंडाळला, हॉलमध्ये धावले. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केले. दहा त्रेचाळीस. चाळीसही पडदे उजळले. पर्यवेक्षक बाईंनी घड्याळ खाली केलं.

वहिनीने वळून हळूच विचारलं, "सापडलं का गं ते गाढव?"

आयुष्यात पहिल्यांदा माझी जीभ माझ्या ताब्यात राहिली. "सापडलं. तू पेपर लिही. मन लावून लिही."

संध्याकाळी ती घरात शिरली तीच हसत. पेपर तिच्या मनासारखा गेला होता. चपला काढता काढता म्हणाली, "वन्सं, तुमच्या डब्याने सकाळी काय साथ दिली म्हणून सांगू! घाईत तिथेच राहिला बघा." चिडवायचं असलं की मी तिची वन्सं होते. मग तिची नजर टेबलावरच्या डब्याकडे गेली, तिथून माझ्याकडे आली, आणि हसू विरलं. "अगं बाई. म्हणजे ते गाढव..."

"मीच," मी म्हटलं.

तिने डबा उचलला, त्याची तार माझ्या गळ्यात अडकवली आणि म्हणाली, "चला, वन्सं. वरात कुठून काढायची?"