काचेपलीकडचे कान

माझ्या धाकट्याचं, महेशाचं लग्न झालं आणि मांडवात त्याची सख्खी बहीण नव्हती, त्या वर्षाची ही गोष्ट. लोक विचारत, "सुजया कुठंय?" मी म्हणे, "आजारी आहे." खरं कुठं आहे ते मी महेशालाही सांगितलं नव्हतं. जावई रुद्रेश मात्र न बोलावता आला. पंगतीत बसला, पायस दोनदा मागून घेतलं आणि जाताना मला, आपल्या सासूला, म्हणाला, "अत्ते, किती दिवस लपवाल?" त्यानं सुजयाच्या दंडावर तापलेली इस्त्री ठेवली होती. म्हणून ती पळाली होती.

बेंगळुरूत पीण्या या कारखान्यांच्या भागाजवळ आमचं वठार. एका रांगेत खोल्या, मधल्या भिंती एका विटेच्या जाडीच्या. शेजारी कुणी फोडणी दिली तर शिंक आपल्याला येते. अशा ठिकाणी फोनवर बोलायची सोय नाही. म्हणून सुजया मला संदेश लिही. शिवणकामाचा कारखाना सुटल्यावर, केस पांढरे झाल्यावर मी साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकले होते. पण मनात वाचायला मला आलं नाही. ओठ हलल्याशिवाय, आवाज फुटल्याशिवाय अक्षर मला कळतच नाही. आधी ते तोंडातून बाहेर पडतं, अर्थ मागाहून येतो. सुजयाचा संदेश आला की मी न्हाणीत जाई, बादलीखाली नळ सोडी आणि मग वाची. महेशाची बायको म्हणे, "अत्ते, तुमची आंघोळ झाली ना सकाळी?"

पलीकडच्या खोलीत वनजाक्षी राहायची. कारखान्यात ती आमच्या रांगेची सुपरवायझर होती. रुद्रेश तिच्याच गावचा, आणि सुजयाचं लग्नही तिनंच जुळवलेलं. ते मोडल्यावर आमच्यात बोलणं उरलं होतं ते नळाच्या पाण्यापुरतं. ती एक दिवस कॉफीचा पेला घेऊन दारात आली.

"होन्नक्का, एक काम आहे. जयनगरात एक कंपनी आहे. दवाखान्यात नंबर लावायचं ॲप केलंय त्यांनी. आपल्यासारख्या माणसांना ते जमतं का, ते बघायचंय. मी माणसं नेते. येतेस?"

"मीच का?"

"वठारात वाचता येणारी म्हातारी दुसरी कोण आहे? सांग, तिला नेते."

खोटं नव्हतं. तरी मला वाटलं, इतक्या महिन्यांनी कॉफी कशी आली? नाही म्हटलं तर म्हणेल, हिच्या फोनात काहीतरी आहे. गेले.

कंपनीतली पोरगी चैत्रा, तोंड भरून 'अज्जी' म्हणणारी. तिनं नाव विचारलं. मी माझ्या मेलेल्या बहिणीचं सांगितलं. ती म्हणाली, "अज्जी, नाव आम्ही कुठं घालतच नाही. तुम्ही सातव्या. कुणालाही सातव्या म्हणूनच कळाल."

"मग विचारलंस कशाला?"

ती हसली. मी हसले नाही. समोर कॅमेरा होता आणि भिंतीत एक काळी काच.

"त्याच्यामागं कोण?"

"आमचीच माणसं, अज्जी. तुम्ही कुठं अडखळता ते बघतात. म्हणजे चूक ॲपची, तुमची नाही. नको वाटलं की सांगा, लगेच थांबू."

ॲप तिनं माझ्याच फोनात घातलं. हातातला फोन ओळखीचा असला की माणूस बावरत नाही, म्हणाली. फोनात जे जे दिसतं ते त्यांना काचेमागं मोठ्या पडद्यावर दिसणार होतं. "आणि एक करा. जे दिसेल, जे मनात येईल, ते मोठ्यानं बोलत राहा."

मला बरं वाटलं. मोठ्यानं वाचायला जन्मात पहिल्यांदा कुणी आपणहून सांगत होतं. मी सुरू केलं. "दवाखाना निवडा. कुठला निवडू, इथं तर नावंच नाहीत. दिवस निवडा. हे बटण गेलं कुठं?" चैत्रा मान हलवत होती. आणि पडद्याच्या वरच्या कडेनं एक पट्टी उतरली. मी तीही वाचली.

"अम्मा, महिनाभर बघून त्यांनी काम पक्कं केलं. मंड्यात, साखर कारखान्याच्या पुढं, मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक…"

तेव्हा कुठं अर्थ मागून आला. मी फोन पालथा घातला.

"थांबव," मी म्हटलं.

चैत्रानं थांबवलं. माझ्या तोंडाकडं पाहून तिला काय कळायचं ते कळलं असावं.

"काचेमागं कोण आहे? नावं सांग."

तिनं दोघांची सांगितली. मग ती अडखळली. "आणि… वनजाक्षी अम्मा. बाहेर बसायला जागा नव्हती म्हणून मीच म्हटलं, आत बसा. बसवायला नको होतं."

मी उठून ते दार उघडलं. दोन पोरं, एक मोठा पडदा, आणि मांडीवर पिशवी घेऊन वनजाक्षी. तिच्या पेल्यातल्या कॉफीवर साय धरली होती.

चैत्रानं माझ्यासमोर सगळं पुसलं. चित्र पुसलं, आवाज पुसला, दुसरीकडं ठेवलेली नक्कल पुसली, ॲप काढून फोन माझ्या हातात दिला. "अज्जी, आता कुठंच काही नाही."

"यंत्रातलं गेलं," मी म्हटलं. "हिच्या कानातलं कसं पुसणार आहेस?"

 पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला दया आली नाही.

परतीच्या बसमध्ये वनजाक्षी माझ्याशेजारीच बसली.  यशवंतपूर आलं तेव्हा म्हणाली, "मी काही ऐकलं नाही हं."

"मी कुठं विचारलं?"

"नाही, तुझ्या मनात येईल म्हणून."

"माझ्या मनात काय येतं ते तुला बरं कळतं."

"होन्नक्का, तुझं तोंडच असं आहे. कुलूप घातलेल्या दारासारखं. बघणाऱ्याला वाटतं, आत काहीतरी आहेच."

त्या संध्याकाळी नळ सोडून मी सुजयाला फोन केला. म्हटलं, तिथून नीघ.  ती म्हणाली, "अम्मा, किती गावं बदलू? इथं पोरी मला अक्का म्हणतात. परवा नाचणीचे उंडे केले तर दोघींनी परत मागून घेतले. मी जात नाही." आणि फोन ठेवला.

मग मी वनजाक्षीवर नजर ठेवायला लागले. ती फोनवर बोलली की मी भिंतीशी तांदूळ निवडायला बसे. ती गावी गेली की ती परत येईस्तोवर मी फोन उशाशी घेऊन निजे. मधे चैत्राचा फोन आला. आता चाचणीआधी संदेश बंद करतात, म्हणाली, आणि माणसं आणणारे खाली थांबतात. मी म्हटलं, "माझा नंबर तुझ्याकडं अजून कसा?" ती म्हणाली, "एवढं सांगायलाच ठेवला होता अज्जी. आता पुसते." पुसला की नाही, देव जाणे.

गौरीच्या सणाला दुपारी रुद्रेश वनजाक्षीकडं आला. पुरणाच्या ओबट्टूचा वास भिंतीतून येत होता. मी कान लावला. गावच्या नात्यानं तो तिला चिक्कम्मा, म्हणजे मावशी म्हणे.

"चिक्कम्मा, तुला माहीत आहे. शेजारी राहतेस."

"मला काय माहीत असणार? तिची आईच माझ्याशी बोलत नाही."

"काहीतरी कानावर आलं असेल."

"आलं तर सांगेन. खा, गार होतंय."

तो गेल्यावर मी भिंतीपाशीच बसून राहिले. तिनं सांगितलं नव्हतं. पण भिंत कशी आहे हे माझ्याइतकंच तिलाही ठाऊक होतं. मी ऐकतेय हे जाणून ती तसं बोलली असेल, आणि फाटकाशी सोडायला गेली तेव्हा खरं सांगितलं असेल. फाटकापर्यंत ती गेली होती. तिथलं मला ऐकू आलं नाही.

पुढच्या गौरीलाही तो आला, त्याच्या पुढच्यालाही. दर वेळी ती त्याला जेवू घाली आणि फाटकापर्यंत जाई. दर वेळी मी सुजयाला फोन करी आणि ती म्हणे, "अम्मा, इथं कुणी आलेलं नाही." वनजाक्षीला मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर ती नाहीच म्हणाली असती, आणि त्या नाहीचं मी काय केलं असतं?

वनजाक्षी मागल्या वर्षी दीपावलीच्या आदल्या दिवशी सरकारी दवाखान्यात वारली. रुद्रेश जिवंत आहे. मंड्याला तो अजून गेलेला नाही.