माझ्या कडेचे बटण

मी एक जुना लॅपटॉप आहे आणि माझ्या उजव्या कडेला शर्टाचे एक पांढरे बटण चिकटवलेले आहे. मित्रांनो, हसू नका. ते दाबून काही चालू होत नाही आणि काही बंदही होत नाही. तरीही ते तिथे का आहे, हे सांगण्यासाठीच मी आज तोंड उघडले आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या कितीतरी हातांतून फिरत मी तयार झालो. पहिली काही वर्षे एका कचेरीत काढली. तिथे माझ्या वेगाचे फार कौतुक झाले. पुढे नवे लॅपटॉप आले आणि माझी रवानगी कपाटात झाली. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरे काय! तिथून एका मुलीने मला स्वस्तात विकत घेऊन घरी आणले.

त्या घरात दोघीच राहत, आई आणि लेक. आई शिवणकाम करायची, पण तिचे गिऱ्हाईक वेगळे होते. दुकानातले कपडे ज्यांना बसत नाहीत, अशी माणसे तिच्याकडे येत. कुणाचा एक खांदा उतरलेला, कुणाच्या पाठीला बाक आलेला, कुणी चाकाच्या खुर्चीत दिवस काढणारे. आई अशा अंगाला कापड असे बेतायची, की माणूस आरशासमोरून लवकर हलायचा नाही. हे कसब तिच्या बोटांत होते, कागदावर कुठेच नव्हते. म्हणून रोज संध्याकाळी आई सांगायची आणि लेक माझ्या पडद्यावर त्या बेतांच्या आकृत्या काढायची. वर्षभराचे ते सगळे काम माझ्या पोटात होते. दुसरी प्रत करायचे लेकीच्या मनात रोज यायचे, आणि ते रोज उद्यावर जायचे.

आईला मात्र घाई झाली होती. "आजच बाहीचं घेऊ," ती म्हणायची.

"अगं, एवढी काय घोड्यावर बसलीयस? उद्या करू की," लेक हसायची.

तिच्या घाईचे कारण मला माहीत होते. लेक बाहेर गेली, की आई सुईत दोरा ओवायला बसायची आणि दोरा सुईच्या बाजूनेच जायचा. मग ती सुई खाली ठेवून नुसती बसून राहायची. तिची नजर अधू होत चालली होती. हे माझ्या कॅमेऱ्याला दिसत होते, पण मित्रांनो, दिसलेले सांगायला मला तोंड कुठे होते?

दुपारी मला चार्जिंगला लावायचे काम आईकडे होते. तिला चार्जरचे भोक दिसत नसे. ती चाचपत पिन टेकवायची, ती कडेवर घासायची, मग आई जोर लावायची. मला दुखायचे. पिन अडते आहे, असे तिला वाटले. त्या घरात अडलेल्या गोष्टीवर एकच औषध होते. कात्री करकरली, घाला तेल. कुलूप अडले, घाला तेल. आईने शिलाई मशीनची तेलाची कुपी आणली आणि प्रेमाने माझ्या भोकात एक थेंब सोडला. काही दिवसांनी आणखी एक.

कापडाचा भुगा तर त्या खोलीत सदा उडत असायचा. तो तेलावर बसला आणि त्याचा बोळा झाला. वाकड्या पिनेने आतली पट्टी आधीच पिचली होती. एका संध्याकाळी लेकीने मला उघडले आणि मी उठलोच नाही.

आम्ही बंद पडलो तरी आम्हाला ऐकू येते आणि दिसतेही. लेकीने बटण दाबून धरले. चार्जर काढला, परत लावला. दुसऱ्या प्लगमध्ये लावला. शेजारणीकडून तसलाच चार्जर मागून आणला. माझा छोटा दिवा काही लागला नाही.

"आई, सगळं यातच आहे गं," ती म्हणाली. मला फार भीती वाटली. माझे काय, मी जुनाच. पण आईला हे सगळे पुन्हा सांगावे लागले, तर कापडावरची खूण तिला दिसणार होती का?

सकाळी दोघी मला घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेल्या. त्याने भोकात चिमटा घातला, काळा बोळा बाहेर काढला आणि हुंगला.

"ताई, हा लॅपटॉप आहे की शिलाई मशीन?"

लेक आईवर कडाडली. "आई! कितीदा सांगितलं, न विचारता हात लावू नकोस म्हणून! तुला यातलं काय कळतं?"

"अडत होतं गं. म्हटलं, थेंबभर तेल घालावं..." आई पुटपुटली.

"नुसतं तेल नाही," दुरुस्तीवाला भिंगातून बघत म्हणाला. "भोकाभोवती हे ओरखडे बघा. पिन कडेवरच घासलीय. अंधारात लावता की काय चार्जर?"

"अंधारात कशाला? दुपारी, खिडकीपाशी..." लेक म्हणाली आणि मध्येच थांबली. तिने आईकडे वळून पाहिले. "आई, तुला हे भोक दिसतंय ना?"

"दिसतं की," आई म्हणाली आणि तिने बोट पुढे केले. बोट भोकाच्या बरेच अलीकडे टेकले.

"कधीपासून?" लेकीने विचारले.

"तुला कळलं असतं तर तू मशीन बंद करायला लावलं असतंस. म्हटलं, आधी सगळं या लॅपटॉपमध्ये उतरू दे." लेकीने तिचा हात घट्ट धरला आणि ती तिथेच, परक्या माणसासमोर, रडली.

दुरुस्तीवाल्याने माझे भोक बदलले. दिवा लागला, आकृत्या जशाच्या तशा निघाल्या. लेकीने तिथेच उभ्या उभ्या त्यांच्या दोन प्रती केल्या. मग दोघी तिथूनच डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. गेलेली नजर परत येणार नाही, असे बाईंनी सांगितले. उरलेली टिकावी म्हणून औषध दिले. आता लेक रोज आईच्या डोळ्यांत थेंब घालते. आईचे शिवणे कमी झाले आहे. कधी कधी ती मशीनवर हात ठेवून नुसती बसते, तेव्हा मला पाहवत नाही.

पण मला चार्जिंगला लावायचे काम तिने सोडलेले नाही. लेकीने तेही काढून घेतले नाही. तिने भोकाशेजारी हे बटण चिकटवले. आईचे बोट बटणावर येते, तिथून एक बोटभर सरकते आणि पिन सरळ आत जाते.

मित्रांनो, मी बंद पडलो तेव्हा घरात धावपळ उडाली, आणि तुम्ही माणसे आमची एवढी काळजी घेता, म्हणून मी तुमचा ऋणी आहे. पण तुमच्या घरातले कुणी एखाद्या कामात फार घाई करू लागले, तर हसून उद्यावर टाकू नका. जवळ बसा आणि विचारा. माझा दिवा विझलेला दिसतो, तसा त्यांचा दिसत नाही.