घटातला सकस गहू

देवासच्या पोतनिसांकडे नवरात्राचा घट बसवणं म्हणजे खेळ नव्हता. देवास संस्थानच्या थोरल्या पातीचा दरबार होता तेव्हापासूनचा तो कुलाचार. दरबार गेला, मान गेला, पोतनिशी गेली, घट मात्र राहिला. माई लग्न होऊन या घरात आल्या तेव्हापासून तो त्याच बसवत आणि परडीला दुसऱ्या कुणाचं बोटसुद्धा लागू देत नसत. सून विनोदिनी धारची. तिची शाळा हिंदीतून झालेली, त्यामुळे देवीची पोथी वाचायला बसली की एकेका जोडाक्षरापाशी अडून बसायची, आणि माई आतल्या खोलीतून तो शब्द पुरा करायच्या. तिच्या हाती स्वयंपाकघर आलं होतं, किल्ल्या आल्या होत्या, पण देवघर काही आलं नव्हतं. जोवर ते येत नाही तोवर आपण इथल्या पाहुण्याच, असं तिने मनाशी पक्कं धरलं होतं.

ते आलं त्र्याऐंशी साली, माईंच्या मोतीबिंदूच्या कृपेने. ऑपरेशन झालं, डोळ्यावर हिरवी पट्टी बसली. वाकायचं नाही, धुरात बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. दुसऱ्या डोळ्याला माणूस आणि खांब यांतला फरक जेमतेम कळायचा.

"यंदा घट तू बसव," माई म्हणाल्या. "पुढचं पुढे पाहू."

ते 'पुढचं पुढे' विनोदिनीच्या काळजात रुतून बसलं. म्हणजे ही परीक्षा होती. पास झालो तर घर आपलं, नाही तर पुन्हा उंबऱ्याबाहेरून नमस्कार.

आता तिच्या नवऱ्याविषयी सांगायला हवं, कारण पुढचा सगळा गोंधळ त्याच्याच पायी झाला. भास्कर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचा. माणूस गुणी, पण एकदा डोक्यात काही शिरलं की जेवणाखाणाची शुद्ध नाही. दीड-दोन वर्षं त्याच्या डोक्यात अळंबी शिरली होती. म्हणजे खाण्याची छत्री नव्हे, तिची मुळं म्हणा, पांढरे तंतू. ही औषधी अळंबी गव्हावर वाढवायची, तंतूंनी गहू आतून पोखरून, आंबवून, पचायला हलका आणि सकस करून ठेवायचा, मग तो वाळवून दळायचा. उदयनगरच्या जंगलातल्या कुपोषित पोरांपासून देवासच्या कारखान्यांतल्या कामगारांपर्यंत सगळा मुलूख त्या पिठाच्या पोळीवर धष्टपुष्ट होणार होता. ग्लुकोजच्या रिकाम्या बाटल्यांत गहू भरून, तोंडाला कापसाचे बोळे लावून त्याने त्या कपाटावर, पलंगाखाली आणि एकदा तर विनोदिनीच्या शालूंच्या पेटीत ठेवल्या होत्या. पेटीतली बाटली फुटली त्या दिवशी ती नवऱ्याशी एक शब्द बोलली नाही, आणि त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

माईंचा निकाल सोपा होता. "भूछत्राची पोळी माझ्या तव्यावर भाजली जाणार नाही." त्यामुळे भास्कर कॉलेजच्या प्रयोगशाळेत बर्नरवर पोळ्या भाजायचा आणि एकटाच खायचा. घरी आल्यावर मात्र रोज तेच पुराण. "विनू, यातला मूठभर गहू तुमच्या दोन मुठींना भारी. ताकदच वेगळी!"

माणसाने बायकोपुढे बढाई मारावी, पण ती खरी मानेल इतकी मारू नये.

घट बसवायच्या आदल्या दिवशी विनोदिनी गहू निवडत बसली होती. शेजारच्या पार्वतीबाई कुंपणावरून डोकावल्या. त्यांच्याकडचे जवारे, म्हणजे घटातले कोंब, गेल्या साली हातभर उंच झाले होते आणि ही बातमी त्या वर्षभर पुरवून वापरत होत्या. "इनी साल थारा हाथ से है नी, बेन?" त्या म्हणाल्या. "देखां, कित्तो ऊगे!"

त्या गेल्या आणि विनोदिनीची नजर वळली ती थेट कपाटावर. तिथे परातीत भास्करचा ताजा गहू अर्धवट सुकत पडला होता, पिठात घोळवल्यासारखा पांढरा. दोन मुठींची ताकद असलेला. ज्याची पोळी खाऊन माणूस धष्टपुष्ट होतो, तो गहू मातीत पेरला तर किती फोफावेल! तिने देवीला हात जोडले, निवडलेला गहू डब्यात परत ओतला आणि परातीतले चार मुठी गहू पदरात घेतले. सकाळी मंत्र, माती, पाणी, कलश, नारळ, पहिली माळ, सगळं यथासांग झालं. माई खुर्चीवर बसून कानांनी सगळं तपासत होत्या आणि एकदाही "अगं, असं नव्हे" म्हणाल्या नाहीत.

तिसऱ्या माळेला पार्वतीबाईंकडे हिरवे कोंब दिसू लागले. इथे नुसती माती.

"अहो," विनोदिनी भास्करला म्हणाली, "तुमचा तो ताकदवाला गहू उगायला कितना टाइम घेतो?"

"उगायला?" भास्करने चष्मा काढला. "अगं, तो कसा उगवेल? आधी तो कॉलेजातल्या मोठ्या वाफेच्या भांड्यात उकडून काढतो मी. त्याशिवाय अळंबी धरत नाही. का गं?"

विनोदिनी मटकन खाली बसली. देवीच्या घटात तिने शिजवलेलं धान्य पेरलं होतं. घराण्यात असं आजवर कुणी केलं नव्हतं, कारण असं करता येतं हेच कुणाला माहीत नव्हतं.

"वरून चार चांगले दाणे टाक ना," भास्करने तोडगा काढला.

"बसलेल्या घटाला हात लावत नाहीत! पाणी शिंपायचं, बस. तुमच्याच घरचं आहे ना हे, मला काय विचारता?" आणि ती रडायला लागली. भास्कर घाबरला. बाटलीत हिरवी बुरशी शिरली की काय करायचं हे त्याला ठाऊक होतं, बायको रडली की काय करायचं हे नव्हतं.

तेव्हापासून खोट्याला सुरुवात झाली. रोज आरती झाली की माई विचारायच्या, "किती झालं गं?"

"दोन बोटं, माई."

पुढच्या माळेला चार बोटं झाली. पाचव्या माळेला विनोदिनीच्या तोंडून घाबरून "वीतभर" निघून गेलं.

"वीतभर?" माईंनी बोटं ताणून हवेत वीत मोजली. मग म्हणाल्या, "माझा पाचव्या माळेला कधी वीतभर झाला नाही." त्यात कौतुक होतं, आणि थोडंसं दुखणंही होतं. विनोदिनीला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

पण देवघरात आपलं काम गुपचूप चाललं होतं. अंधारी खोली, अखंड दिव्याची ऊब, दोन वेळा शिंपलेलं पाणी आणि ओली माती. सहाव्या माळेला मातीवर पांढरी साय धरली. सातव्या माळेला सकाळी विनोदिनी फुलं घेऊन आत गेली आणि किंचाळली. कलशाभोवती मोत्याच्या रंगाच्या इवल्या इवल्या छत्र्या उघडल्या होत्या, एकावर एक, झुपकेच्या झुपके.

किंकाळी ऐकून पहिल्या धावल्या त्या पार्वतीबाई. "ओ म्हारी माताजी! यो कंई ऊग्यो!" त्या तिथेच लोटांगण घालून मोकळ्या झाल्या, आणि उठल्या त्या सरळ गल्लीत. दुपारपर्यंत देवीच्या टेकडीवर दर्शनाला निघालेली माणसं आधी पोतनिसांच्या दारात थांबू लागली. कुणी नारळ ठेवला, कुणी लेकराला पायरीवर घातलं. "भिया, लाइन से, लाइन से," म्हणत एकाने स्वतःहून व्यवस्थाही हातात घेतली.

भास्कर कॉलेजातून आला, गर्दीतून वाट काढत देवघरात शिरला आणि त्याचा चेहरा उजळला. "विनू, फळली! दोन वर्षं मी बाटल्यांत नुसते तंतू बघतोय, छत्री एकदाही आली नाही. तू काय केलंस? पाणी किती घातलंस?"

"चूप बसा!" विनोदिनी दबल्या आवाजात ओरडली.

बाहेर खुर्चीवर बसलेल्या माईंच्या कानी गर्दीचं बोलणं तेवढं पोचत होतं. देवीने सुनेच्या घटावर छत्र्या धरल्या. त्यांनी विनोदिनीला जवळ बोलावलं, तिचा हात चाचपून हातात घेतला. "माझ्या हातून एवढ्या वर्षांत जे झालं नाही, ते तुझ्या हातून झालं," त्या म्हणाल्या.

झालं! परीक्षा पास झाली होती. गल्ली साक्षीला होती, देवी साक्षीला होती, गप्प बसायचा काय तो अवकाश होता. भास्करने एकही शब्द बोलणार नाही अशी शपथ घेतली होती. पण त्या रात्री विनोदिनीने आपलं ताट तसंच झाकून ठेवलं. ज्या हाताची तिने वर्षानुवर्षं वाट पाहिली तो हात आज तिच्या हातात होता, आणि तो चुकीच्या गोष्टीसाठी आला होता.

अष्टमीला डॉक्टरांनी पट्टी काढली, काळा चष्मा दिला. माई भास्करबरोबर टांग्यातून उतरल्या त्या थेट देवघराकडे निघाल्या. विनोदिनी दारात आडवी उभी राहिली.

"माई, आधी ऐका. तो चमत्कार नाहीये. मी ह्यांचा गहू पेरला. उकडलेला. वीतभर-बीतभर काही नव्हतं, मी झूठ बोलले. ते भूछत्र आहे." एवढं सगळं तिने एका दमात सांगितलं आणि डोळे मिटून घेतले.

माईंनी तिला बाजूला सारलं, चौरंगापाशी बसल्या आणि चष्मा कपाळावर चढवला. कलशाभोवतीची एकेक छत्री त्यांनी नजरेने मोजली.

"भास्कर," त्या म्हणाल्या. "गहू मेलेला होता?"

"हो, माई."

"मग मेलेल्या गव्हातून हे उगवलं कसं?"

दोन वर्षांत या घरात हा प्रश्न पहिल्यांदाच कुणी विचारला होता. भास्कर जमिनीवर मांडी ठोकून बसला आणि सुरू झाला. तंतू, आंबवण, प्रथिनं, जीवनसत्त्वं, उदयनगरची पोरं. माईंनी बराच वेळ ऐकलं.

"पुरे," त्या म्हणाल्या. "म्हणजे दाणा गेला तरी घट रिता राहिला नाही."

"तसं शास्त्रीयदृष्ट्या..."

"पुरे म्हटलं ना."

मग माई उठल्या, दारात गेल्या आणि रांगेला सांगितलं की चमत्कार वगैरे काही नाही, हा आमच्या भास्करचा उकडलेला गहू आहे, आपापल्या घरी जा. रांगेला ते मुळीच पटलं नाही. पार्वतीबाई म्हणाल्या, "पण माई, ऊग्यो तो माताजी का सामनेज नी?" आणि तो गहू मूठभर मिळेल का, असंही त्यांनी हळूच विचारून घेतलं.

दसऱ्याला घट हलला. पोतनिसांकडची रीत अशी की घटात जे उगवेल ते पुरुषांनी टोपीत खोवायचं, बायकांनी केसांत माळायचं, आणि मगच सोनं द्यायला बाहेर पडायचं. माईंनी भास्करच्या काळ्या टोपीत अळंबीचा एक भरगच्च झुपका खोवला.

"माई, मला प्राचार्यांकडे जायचंय!"

"मग? देवीपुढचं आहे. टाकायचं नसतं."

भास्कर गेला. प्राचार्यांनी आपट्याचं पान घेतलं, टोपीकडे पाहिलं आणि घरात सगळं ठीक आहे ना, असं विचारलं.

इकडे माईंनी विनोदिनीला पाटावर बसवलं. सगळ्यांत नाजूक छत्री निवडून तिच्या अंबाड्यात खोचली. ती नीट बसेना, म्हणून स्वतःच्या केसांतला आकडा काढून लावला. हे सगळं करताना त्या रागावूनच बोलत होत्या.

"एवढी शिकलेली पोर, आणि नवरा म्हणतो ते खरं मानलंस? शिजवलेला गहू घटात! आणि वर वीतभर! मी बिचारी रात्रंदिवस विचार करत्येय, माझं कुठे चुकत होतं म्हणून. पुढच्या वर्षी गहू निवडायला बसलीस की आधी मला दाखव. मला. ह्याला नव्हे."

माई आणखी पुष्कळ बोलल्या, पण 'पुढच्या वर्षी' यानंतरचं विनोदिनीने काही ऐकलं नाही. पाटावरून उठून ती माईंच्या पायांशी वाकली, आणि वाकली ती बराच वेळ उठलीच नाही.