साहेबांची पावलं

"पुन्हा पुरुषच आला," काचेपलीकडून दिग्दर्शक म्हणाला.

पडद्यावर एक तरुण बाई रिकाम्या गोदामातून चालत येत होती. काळा कोट, आखूड केस, नजर समोर. आणि पडद्याखाली, लाकडी फळीवर, पन्नाशी उलटलेली दुसरी बाई तिच्या वतीने जागच्या जागी चालत होती. शूटिंगच्या गोंधळात पावलांचा आवाज धड मिळत नाही. मग नंतर अशा बंद खोलीत, चित्र बघत बघत, कुणाला तरी ती पावलं टाकावी लागतात. या खोलीत ते काम मावशी करत. या नव्या दिग्दर्शकाखेरीज सगळे त्यांना मावशीच म्हणत, त्यांच्याहून मोठे असलेलेसुद्धा.

"पुरुष कसा येईल?" मावशी म्हणाल्या. "उंच टाचांचे बूट घातलेत की मी. चांगले पायाला चावतायत."

"बूट बाईचेच आहेत, ताई. आत पुरुष आहे."

रेकॉर्डिस्टने मान खाली घालून हसू दाबलं. तो मावशींच्या बाजूचा, पण हसू काय बाजू बघून येतं थोडंच!

दिग्दर्शकाचं म्हणणं खरं होतं, आणि मावशींना राग आला तो त्याचाच. हे चित्रपट ज्याचे, तो गुप्तहेर म्हणजे लोकांचा जुना लाडका. आजोबांनी बघितला, बापाने बघितला, आता नातू बघत होता. स्टुडिओत त्याला नाव नव्हतं, नुसतं 'साहेब'. पहिले साहेब म्हातारे झाले तेव्हा निर्मात्यांनी दुसरे आणले. लोकांनी शिव्या दिल्या, पुन्हा तोंड बघणार नाही म्हणाले आणि पहिल्याच दिवशी रांगा लावल्या. दुसऱ्यांचं पोट सुटलं, तेव्हा तिसरे आले. दर वेळी तीच दवंडी: आता नवे साहेब, नव्या जमान्याचे! कपडे बदलले, गाड्या बदलल्या, शत्रूंचे देश बदलले. एकदा तर भुवयासुद्धा बदलल्या. बदलली नाही ती चाल. आधी टाच, मग किंचित थांबून बाकीचं पाऊल. घाई नाही, भीती नाही, रस्ता बापाचा असल्यासारखी.

ती चाल मावशींची होती. तरुणपणी त्या नर्सची, मोलकरणीची, नायिकेची पावलं करत. साहेबांची पावलं करणारा माणूस एकदा कावीळ होऊन झोपला आणि काम अडलं, म्हणून त्यांनी त्याचे बूट पुढे चिंध्या कोंबून घातले. तेव्हापासून ते उतरले नाहीत. लोकांनी तिन्ही साहेब गोड मानून घेतले ते आपल्या पावलांमुळे, असं मावशींचं ठाम मत होतं. ते त्या कुणाला सांगत नसत, फक्त नवऱ्याला, लेकीला, रेकॉर्डिस्टला, चहावाल्याला आणि शेजारणींना सांगत.

आता निर्मात्यांनी चौथे साहेब आणले आणि ते निघाले बाई. अख्खा स्टुडिओ मावशींना म्हणाला, "आले बरं का तुमचे दिवस! आता स्वतःसारखं चाला." मावशीही हसल्या होत्या. काल संध्याकाळपर्यंत हसत होत्या.

"पुन्हा घेऊ," त्या म्हणाल्या. या खेपेला त्यांनी पावलं हलकी टाकली, नाजूक, अंतर कमी ठेवून.

दिग्दर्शकाने ऐकलं. "ही चहाचा ट्रे घेऊन येतेय का?"

पुन्हा घेतलं. ही घसरेल या भीतीने चालणारी झाली. पुन्हा घेतलं, पुन्हा साहेब.

शेवटी दिग्दर्शक आत आला. सडसडीत, मृदू बोलणारा माणूस. ओरडला असता तर मावशींना भांडता तरी आलं असतं. "ताई, आमच्याकडे बायकांच्या पावलांचे तयार आवाज आहेत. उद्या दुपारपर्यंत बघू या. नाहीच जमलं तर ते लावतो. ऐन वेळी कळून वाईट वाटू नये, म्हणून आधीच सांगितलं."

मावशींना आधीच वाईट वाटलं.

घरी येऊन त्या बसल्याच नाहीत. एरवीही त्यांच्या पायाला भिंगरी, त्या दिवशी तर दोन्ही पायांना दोन. स्वयंपाकघर ते गॅलरी, गॅलरी ते स्वयंपाकघर. निवृत्त नवरा खुर्चीत बसून मान इकडून तिकडे फिरवत होता. थोड्या वेळात खालच्या मजल्यावरून काठीने छत ठोकल्याचा आवाज आला.

"बस ना जरा. खालच्यांना वाटेल, पाहुणा आलाय आणि जायचं नाव घेत नाही."

"अहो, मला एक सांगा. आपण पहिल्यांदा भेटलो तेव्हा मी कशी चालायचे?"

नवऱ्याने बराच विचार केला. "तू बसलेली होतीस."

"आणि उठल्यावर?"

"तू उठेपर्यंत मी होकार देऊन मोकळा झालो होतो."

"नंतर तरी? इतक्या वर्षांत?"

"अगं, चाल कोण लक्षात ठेवतं! तू आलीस की कळतं मला, तू आलीस. बास की."

मावशींना रडू यायला लागलं, ते त्यांनी भांडी आपटून परतवलं. काम गेलं तर उपाशी कुणी मरणार नव्हतं. भीती वेगळीच होती. चेहरा नाही, नाव नाही, पण अंधारात बसलेल्या हजारो माणसांनी आपली पावलं ऐकून श्वास रोखलेत, हे मावशींना ठाऊक होतं. ती चाल गेली तर खाली उरणार कोण? स्वतःची चाल तर कधीच हरवलेली. ती आता सापडत नव्हती, आणि सापडली असती तरी ओळखायची कशी?

सकाळी लेक कामाला निघाली. ती चष्म्याच्या दुकानात कामाला. दार लागल्याबरोबर मावशीही चपला सरकवून बाहेर पडल्या. रस्त्यावर बायकांचा तोटा नव्हता. एक चप्पल फरफटत चालली होती, एक पिशव्यांच्या ओझ्याने कलती, एक पळत, एक फोनवर बोलत स्वतःभोवतीच फिरत. सगळ्यांची पावलं खरी, पण गोदामात एकटी शिरेल अशी एकही नाही. तेवढ्यात पुढे लेक दिसली आणि मावशी तिच्यामागे निघाल्या. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

इतकी वर्षं हेराचे पाय असलेल्या या बाई एका गल्लीपुरताही पाठलाग धड करू शकल्या नाहीत. एका टेम्पोआड लपल्या तर टेम्पोच निघून गेला. पुढे खांब दिसला, पण मावशींच्या मानाने तो फारच बारीक होता.

लेक वळली. "आई? काय चाललंय?"

"काही नाही. भाजी आणायला निघालेय."

"पिशवी?"

मावशींनी रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"तू माझ्या मागावर आहेस ना? अगं, कोपऱ्यावरच कळलं मला! तू येतेस ते अख्ख्या गल्लीला कळतं. सरळ विचार ना, कुणी आहे का म्हणून."

"आहे का?"

"नाही!" लेक एवढ्याने ओरडली की इस्त्रीवाल्याने मान वर केली. "आणि असलं तर सांगेन ना मी! लहान आहे का मी आता? उशीर होतोय मला."

ती तरातरा निघून गेली. मावशी खांबाजवळ, चोरी पकडल्यासारख्या उभ्या. आणि तशा उभ्या असतानाच त्यांना ते ऐकू आलं.

आधी टाच. मग किंचित थांबून बाकीचं पाऊल.

मावशींनी डोळे मिटून घेतले. चाल तीच होती, पण पुरुषाचं वजन नव्हतं त्यात. वेग जास्त होता, थांबणं अगदी निसटतं. आणि खाली कुठेतरी एक धास्ती होती. ती लेकीने पावलांत दडपून टाकलेली, बाहेर दिसू दिली नव्हती. साहेबांना तसली धास्ती कधी शिवलीच नाही. म्हणूनच काल गोदामात पुरुष आला होता.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. या मुलीने पाळण्यातून पाय ऐकले होते. ती अंगावर पिणारी असताना मावशी घरातच सराव करत, स्वयंपाकघराच्या फरशीवर, ते मोठे बूट घालून. पुढे ही रांगत त्यांच्यामागे येई, मग भिंत धरून, मग भिंत सोडून. आई अशीच चालते, म्हणजे माणसं अशीच चालतात, असंच तिला वाटलं असणार. हसावं की रडावं, ते मावशींना कळेना. त्यांनी दोन्ही थोडं थोडं केलं. इस्त्रीवाल्याने पुन्हा मान वर केली.

त्या घरी धावल्या. लेकीचे जुने, सपाट टाचांचे बूट पलंगाखालून ओढून काढले आणि तडक स्टुडिओ गाठला.

पहिल्या खेपेला काही जमलं नाही. दुसऱ्या खेपेला वेग आला, पण खालची ती दडपलेली धास्ती येईना. मावशी थांबल्या. मग ओठातल्या ओठात, माइकला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाल्या, "लहान आहे का मी आता? उशीर होतोय मला," आणि निघाल्या.

पडद्यावरची बाई गोदामातून आली आणि पहिल्यांदाच तिचे पाय जमिनीला लागले.

दिग्दर्शकाने तेवढा भाग पुन्हा लावायला सांगितला. मग म्हणाला, "हीच. हीच ती. कुठे मिळाली, ताई?"

"घरातच होती," मावशी म्हणाल्या.

रेकॉर्डिस्टने काचेवर टिचकी मारून शाबासकी दिली. दुपारपर्यंत गोदाम झालं, जिना झाला, गच्ची झाली. मावशींच्या अंगात वारं संचारलं होतं. मध्ये बिस्किट खातानाही त्यांचे पाय टेबलाखाली चालूच होते.

"आता एकच शॉट राहिला," दिग्दर्शक म्हणाला. "जुने साहेब."

तिसरे साहेब या चित्रपटात एकदाच येत होते, शेवटाकडे. एका लांब बोळात नवी हेर त्यांच्यासमोर येते, दोघं एकमेकांकडे बघतात, बोलत नाहीत. ती आत जाते. ते उलट दिशेने बाहेर.

"म्हणजे पुढच्या चित्रपटात परत येतील?" मावशींनी विचारलं.

"नाही, ताई. पुढच्यातही नाही, त्याच्या पुढच्यातही नाही. साहेब इथेच संपले."

मावशींनी मान हलवली. खाली बसून त्यांनी लेकीचे बूट काढले, ते मोठे बूट घातले, नाड्या बांधल्या, सोडल्या, पुन्हा बांधल्या. आत्ताआत्तापर्यंत टेबलाखालीही चालणारे पाय एकदम शांत झाले होते.

"एक लक्षात ठेवा," दिग्दर्शक म्हणाला. "चित्रातून बाहेर गेल्यावरही त्यांना जाऊ द्या. लांब जाऊ द्या."

ते मावशींना सांगायला नको होतं. माणूस चित्राबाहेर गेला तरी पावलं तिथेच तोडत नाहीत. चालणाऱ्याने माइकपासून हळूहळू दूर जायचं असतं. पाऊल किती वेळ ऐकू आलं, त्यावरून माणूस किती लांब गेला ते बघणाऱ्याला कळतं. आजवर साहेबांना कधी लांब जाऊ द्यावं लागलं नव्हतं. पुढच्या प्रसंगात ते परत यायचेच.

खोलीतला दिवा मंद झाला. पडद्यावर साहेब वळले आणि चालू लागले. टाच, किंचित थांबून बाकीचं पाऊल. सगळं तेच, पण मावशींनी एक केलं, कुणी न सांगता. ते थांबणं त्यांनी थोडं वाढवलं, प्रत्येक पावलाला जरासं. साहेब पडद्याच्या कडेला पोचले आणि दिसेनासे झाले. बोळ रिकामा राहिला.

मावशी फळीवरून उतरल्या. माइककडे पाठ करून फरशीवरून चालत राहिल्या, वाळूतली पावलं काढायला केलेल्या खणाला वळसा घालून खोलीच्या पार टोकापर्यंत. तिथे भिंत होती. भिंतीपाशी त्या थांबल्या नाहीत. भिंतीकडे तोंड करून, एका हाताने तिचा आधार घेऊन, तिथल्या तिथे पावलं टाकत राहिल्या, एकेक हलकं करत.

दिग्दर्शकाने हात वर केला. पुरे, अशी खूण.

रेकॉर्डिस्टने ती पाहिली. हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरत त्याने नकारार्थी मान हलवली. त्याला अजून ऐकू येत होतं.