पुन्हा त्यालाच

अमेरिकन फुटबॉलच्या सामन्याचं शेवटचं मिनिट उरलं होतं, बेलव्ह्यूच्या शाळेची टीम चार पॉइंटांनी मागे होती आणि डेरिकच्या हातून बॉल सुटला. तो फेकणाऱ्या क्वार्टरबॅक अंकुरने सवयीने वैतागून हात झटकले, तशा टीमच्या माना खाली गेल्या. आता जीव तोडून कोण खेळणार? अंकुरला प्रतिमामावशीची कीर्तनं आठवली. मंदिरात त्याची झांज चुकली, की ती हसून म्हणायची, "माझाच सूर ढळला हो," आणि तीच ओळ पुन्हा धरायची.

त्याने सगळ्यांना जवळ बोलावलं. "चूक माझी. फार जोरात फेकला."

"थापा मारू नकोस," डेरिक पुटपुटला.

"मारीन. पण बॉल पुन्हा तुझ्याकडेच येणार."

माना वर आल्या. अंकुरला आडोसा देणारी पुढची फळी तसूभरही हलली नाही, त्याने बॉल फेकला आणि डेरिकने तो छातीशी कवटाळून शेवटची रेषा ओलांडली: सहा पॉइंट.